न चाललेली पावलं

जुना तर मी आहेच, मित्रांनो, पण आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला फसवल्यासारखं वाटायला नको. मी एक लाजलेला पाऊलमापक आहे. पाऊलमापक म्हणजे पावलं मोजणारं यंत्र. खिशातल्या घड्याळासारखा मी गोल आहे. पाठीला पट्ट्यात अडकवायची आकडी आहे आणि तोंडावर दोन काटे: मोठा शंभरापर्यंत फिरतो, छोटा हजार दाखवतो. माझी काच एका बाजूला तडकली आहे. पण माझी मान खाली आहे, ती काही काचेमुळे नाही.

घड्याळं करणाऱ्या एका कारखान्यात, खिडकीलगतच्या टेबलावर माझा जन्म झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात एक बारीकशी हातोडी बसवली आणि तिच्याखाली केसाएवढी स्प्रिंग. माणूस पाऊल टाकतो तेव्हा त्याचं अंग जरासं वर उचललं जातं आणि खाली येतं. त्या हिसक्याने हातोडी पडते, चाकाचा एक दात पुढे सरकतो, टिक. झालं एक पाऊल. एवढीच माझी विद्या. देवाने माणसाला घडवताना किती काय काय दिलं, माणसाने मला घडवताना एक हिसका तेवढा दिला. त्या बाईंनी मला कमरेला लावलं, आवारात शंभर पावलं चालून पाहिली, आणि काटा नेमका शंभरावर आलेला बघून शेजारणीला म्हणाल्या, "हा बाई फार प्रामाणिक निघाला." ते शब्द मी कितीतरी वर्षं छाती फुगवून मिरवले. आता आठवले की भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं.

मला विकत घेतलं ते एका मोजणीदारांनी. जमिनी मोजायच्या, हद्दी आखायच्या, नकाशे काढायचे, हे त्यांचं काम. उंच, शिडशिडीत, आणि पाऊल असं नेमकं की विचारू नका. अडीच फूट. सकाळी अडीच, टळटळीत दुपारी अडीच, अंगात ताप असला तरी अडीच. कार्यालयात त्यांना सगळे 'फूटपट्टी' म्हणत. त्यांच्याबरोबर मोजणीची साखळी धरणारा एक माणूस असायचा, बुटका, गुबगुबीत आणि बडबड्या. मग त्याला काय नाव पडणार? 'खोडरबर'. फूटपट्टी आणि खोडरबर अशी ती जोडी तीस वर्षं माळरानं, बागा, ओढे तुडवत हिंडली आणि फूटपट्टीच्या कमरेला मी.

आधी मोजणीदार पावलांनी अंदाज घ्यायचे, मग खोडरबर साखळी टाकायचा. दोन्ही मापं जुळली की तो डोक्यावरचा घाम पुसत म्हणायचा, "साहेब, मला उगाच ओझं वाहायला लावता. तुमच्या कमरेचं हे भूत साखळीपेक्षा खरं बोलतं."

एकदा एका बागेच्या मालकाने मोजणीदारांना बाजूला घेतलं. शेजाऱ्याची हद्द चार पावलं आत सरकवा, कुणाला कळणार आहे, असं हळूच सुचवलं. मोजणीदारांनी मला पट्ट्यावरून काढून त्याच्यासमोर धरलं. म्हणाले, "मालक, मी नोंद करतो, कविता करत नाही. जे पाऊल मी चाललो नाही, ते माझ्या वहीत येत नाही." खोडरबर मागे उभा राहून खोकल्याचं निमित्त करून हसला. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

मग निवृत्ती आली. मोजणीदारांनी मला फडक्याने पुसून टेबलाच्या खणात ठेवलं. तिथे माझ्या शेजारी विझलेली विजेरी, कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणि टोक नसलेल्या पेन्सिली होत्या. अकरा वर्षं मी त्या अंधारात पडून राहिलो. बाहेरचं मला नुसतं ऐकू यायचं. सकाळी माईंचं प्रार्थना गुणगुणणं, मोजणीदारांनी टेबलावर बोटांनी धरलेला ठेका, संध्याकाळी रेडिओ. माई म्हणजे मोजणीदारांच्या पत्नी. गल्लीतली लहानथोर मंडळी त्यांना माईच म्हणायची.

अकराव्या वर्षी एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. चहाच्या कपाला चमचा लागायचा, किणकिण किणकिण, थांबतच नसे. मग चपलांचा आवाज बदलला. आधी टाप, टाप असा यायचा, तो आता सर्र, सर्र असा, जमिनीला घासून यायला लागला. मग घरात हळू आवाजात बोलणी सुरू झाली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पार्किन्सन. जुन्या भाषेत कंपवात. हात थरथरतो, अंग ताठरतं, पाऊल लहान होत जातं, कधी दारातच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, रोज चाला.

मोजणीदारांची थोरली मुलगी त्याच घरात राहायची. शाळेत गणित शिकवायची. वडिलांवर तिचा जीव फार, पण जीव लावायची तिची रीतही गणिताचीच. एका रविवारी तिने खण उपसला आणि मला उजेडात धरलं. "बाबा, बघा कोण सापडलं."

मोजणीदारांचा चेहरा त्या आजाराने थोडा गोठल्यासारखा झाला होता. हसू आतून निघायचं, पण वाटेतच कुठेतरी अडायचं. त्या दिवशी मात्र ते ओठांपर्यंत पोचलं. "अरे," ते म्हणाले, "हा आहे अजून."

"आता हाच तुमचा मास्तर," थोरली म्हणाली. "रोज चार हजार. रात्रीच्या जेवणाआधी मी आकडा बघणार आणि कॅलेंडरवर लिहिणार."

पहिले काही आठवडे बरे गेले. सकाळी माई स्वयंपाकघरात गायच्या आणि तो ठेका धरून मोजणीदार अंगणात फिरायचे. गाणं चालू असलं की पाय आपसूक उचलला जायचा, थोडा लांबही पडायचा. मी टिक टिक करत मोजायचो. कॅलेंडरवर आकडे चढले: बत्तीसशे, छत्तीसशे, चार हजार दहा. थोरली चार हजारांवरच्या त्या दहाभोवती गोल काढून ठेवायची.

पण मित्रांनो, हा आजार नुसता पायांचा नसतो. तो मनातही शिरतो आणि अंगातला जीवही शोषून घेतो. मोजणीदार आठ-आठ तास झोपून उठायचे आणि उठता उठताच पिळून टाकलेल्या फडक्यासारखे व्हायचे. एखाद्या दिवशी काहीही वाईट घडलेलं नसताना पलंगाच्या काठावर बसून राहायचे, बुटाची नाडी हातात धरून. दाढी राहून जायची. रेडिओला हात लावायचे नाहीत. माईंचं गाणं चालू असायचं, पण ठेका धरायची इच्छाच उरलेली नसायची. आणि मन असं खाली बसलं की पाय लहान व्हायचे. अडीच फुटांचं पाऊल एक फुटावर यायचं, मग वीतभर. तरी ते उठायचे. कामसू माणूस. भिंतीला हात लावत, चपला घासत, अंगणात फेऱ्या मारायचे.

आणि इथे माझं पहिलं पाप आहे. मी सांगितलं ना, माझी विद्या एका हिसक्याची. घासत जाणाऱ्या पावलाला हिसका नसतो. अंग वर उचललंच जात नाही, तर हातोडी पडणार कशी? ते बिचारे घामाघूम होऊन चालायचे आणि मी त्यांच्या कमरेला झोपून राहायचो.

एका दिवशी त्यांनी अंगणाच्या आठ फेऱ्या मारल्या. मधे तीनदा थांबून भिंतीला टेकले. शेवटच्या फेरीला तर दाराच्या उंबऱ्यापाशी पाय अडकले आणि माईंनी हात धरून आत घेतलं. संध्याकाळी थोरलीने मला उचलून पाहिलं.

"चारशे बारा? बाबा, दिवसभर काय केलंत तुम्ही?"

"चाललो गं."

"कुठे? स्वप्नात?" ती चेष्टेत म्हणाली, पण चेष्टेला टोक होतं. "मग हे काय खोटं बोलतंय?"

हो म्हणून आज ओरडावंसं वाटतं मला. पण पोटात एक हातोडी, तिला हाका मारता येत नाहीत. मोजणीदारांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत मी त्यांना एकदाही चुकीचं माप दिलं नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, "तो नाही खोटं बोलत. मलाच वाटलं असेल, की चाललो."

मित्रांनो, एका खऱ्या माणसाने माझ्या शब्दासाठी स्वतःच्या पायांवरचा विश्वास सोडला.

माई भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "अगं, ते थकतात. मन नाही लागत त्यांचं हल्ली कशात."

"आई, तूच लाडावून ठेवलंयस त्यांना. चालायला मन नाही लागत, पाय लागतात."

"बरं बाई. तू शिकलेली आहेस," माई म्हणाल्या आणि पुन्हा भांडी आवरू लागल्या. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माझा आकडा घरात वेदवाक्य झाला होता ना. तेव्हा मला लाज आलेली नव्हती. ती पुढे यायची होती.

त्यानंतर मोजणीदार खचत गेले. आपण करतो ते मोजलंच जात नाही असं वाटलं की माणूस करायचंच सोडतो. फेऱ्या आठाच्या पाच झाल्या, पाचाच्या दोन. मन आणखी खाली बसलं, त्यामुळे पाऊल आणखी लहान, त्यामुळे आकडा आणखी छोटा, आणि आकडा बघून मन पुन्हा खाली. मी त्या रहाटाच्या मधोमध बसून टिक टिक करत होतो.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. माई शेजारी गेल्या होत्या, थोरली शाळेत. मोजणीदार खुर्चीत बसले होते. आदल्या संध्याकाळी पुन्हा बोलणी खाल्ली होती. वजन उतरल्याने पट्टा ढिला झाला होता, म्हणून त्यांनी मला काढून उजव्या मुठीत धरलं होतं. ते माझ्या काट्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या आजारात मन हललं की हात जास्त थरथरतो. मूठ थरथरू लागली. माझी हातोडी उडू लागली. टिक टिक टिक टिक. मोठा काटा भराभर फिरला. पाच मिनिटांत हजार. वीस मिनिटांत चार हजार.

ते खुर्चीतून हलले नव्हते.

संध्याकाळी थोरलीने मला पाहिलं आणि तिचा विश्वासच बसेना. "बावन्नशे. आई, बघ, बावन्नशे. मी सांगत नव्हते?" तिने वडिलांच्या गळ्यात हात टाकले. "असे माझे बाबा."

मोजणीदारांचे ओठ हलले. काहीतरी सांगणार होते. पण मुलगी किती दिवसांनी अशी हसली होती. कॅलेंडरवर बावन्नशे लिहिलं गेलं आणि त्याच्याभोवती लाल गोल आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुठीत धरलं, ते आता चुकून नव्हे. ज्या माणसाने चार पावलांसाठी बागेच्या मालकाचं तोंड बंद केलं होतं, तो माणूस खुर्चीत बसून मला हातात धरायचा, आणि डोळे मात्र खिडकीबाहेर ठेवायचा. माझ्याकडे बघवत नसायचं. आणि मी? मला ना म्हणायची सोय नाही, हे खरं. पण खरं सांगायचं तर संध्याकाळी होणारं कौतुक मला आवडत होतं. पाच हजार, सहा हजार. जितकं त्यांचं मन खचलेलं, तितका हात जोरात, तितका माझा आकडा मोठा. ज्या दिवशी ते जेवले नाहीत, त्या दिवशी मी सात हजार शंभर दाखवले. थोरलीने शेजारी चांदणी काढली.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. थोरलीने कॅलेंडरची पानं बरोबर घेतली, आणि मलाही. डॉक्टरीणबाईंनी ती चाळली आणि भुवया उंचावल्या. "छान. गोळी लागू पडली म्हणायची. आता बदल नको." मग मोजणीदारांकडे वळून विचारलं, "मन कसं असतं?"

मोजणीदारांनी तोंड उघडलं. त्या आजारात शब्दही पावलासारखेच अडतात, आधी ओठांत जमावे लागतात. तेवढ्यात थोरली म्हणाली, "एकदम मस्त. सहा-सहा हजार चालतात." डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. दाराबाहेर पुढच्या माणसाचा खोकला ऐकू आला. तपासणी संपली.

मोजणीदारांनी उघडलेलं तोंड मिटलं. ते मी पाहिलं, मित्रांनो. त्यांच्या मांडीवरून मी सगळं पाहिलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली.

पंधरा दिवसांनी जुन्या कार्यालयातून चिठ्ठी आली. तिथे नकाशांसाठी एक नवं दालन उघडणार होते, आणि मोजणीदारांनी तरुणपणी काढलेला एक मोठा नकाशा दर्शनी भिंतीवर लावणार होते. त्यांनी व्यासपीठावर यावं आणि पडदा दूर करावा, अशी विनंती होती. चिठ्ठीच्या शेवटी विचारलं होतं, चाकांच्या खुर्चीची व्यवस्था करू का?

"खुर्ची?" थोरली म्हणाली. "सहा हजार चालणाऱ्या माणसाला खुर्ची? चालत जातील माझे बाबा."

"अगं, नको," मोजणीदार म्हणाले. "खुर्चीच बरी."

"का? लाजताय होय?"

आता त्यांनी काय सांगावं? खुर्ची मागितली तर आकडे खोटे ठरत होते. आकडे खरे ठेवायचे तर चालावं लागत होतं. त्यांनी माईंकडे पाहिलं. माईंनी त्यांच्याकडे. माईंना काही माहीत नव्हतं, पण चाळीस वर्षांच्या संसारात न सांगितलेलंही बरंच कळतं. त्या म्हणाल्या, "नाही म्हणा हवं तर. मी सांगते तिला." त्यांनी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे कुणालाच नीट कळलं नाही.

त्या दिवशी त्यांनी कोट घातला. उजवा हात कोटाच्या खिशात ठेवला, थरथर दिसू नये म्हणून. त्या खिशात मी होतो. थोरलीनेच ठेवलं होतं, "आजचाही आकडा हवा" म्हणून.

दालनाच्या बाजूच्या दारातून आत यायचं होतं. दारापर्यंत ते आले, थोरलीच्या दंडाला धरून, बारीक बारीक पावलांनी. दारापर्यंत गुळगुळीत फरशी होती, पलीकडे गालिचा. आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. खुर्च्यांवरच्या साठ-सत्तर जणांनी माना वळवल्या. टाळ्या सुरू झाल्या.

आणि पाय थांबले.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही, त्यांना सांगून कळणार नाही. माणूस पुढे झुकलेला, डोळे पुढे, मन पुढे, आणि पाय जणू फरशीत रोवलेले. टाळ्या चालू राहिल्या, मग विरळ झाल्या, मग थांबल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "काय झालं?" थोरली कानाशी म्हणाली, "बाबा, चला ना. सगळे बघतायत." सगळे बघतायत हेच तर त्यांना सगळ्यात जास्त माहीत होतं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. शरमेने आणि भीतीने खिशातला हात सुटल्यासारखा थरथरू लागला.

दालनात चिडीचूप. आणि त्या शांततेत मी. टिक टिक टिक टिक टिक.

थोरली अगदी चिकटून उभी होती. तिने आवाज ऐकला. तिने खिशाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. बूट जागच्या जागी. पुन्हा खिशाकडे. मी धावत होतो आणि माझा धनी उभा होता. गणिताच्या बाई त्या, उत्तर यायला किती वेळ लागणार? तिचा चेहरा पांढरा पडला. बावन्नशे, सहा हजार, सात हजार शंभर, ती चांदणी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. तिने खिशात हात घातला आणि मला नव्हे, त्यांचा हात धरला. घट्ट. मी गप्प झालो.

"बाबा," ती इतकं हळू म्हणाली की फक्त आम्हा दोघांना ऐकू आलं. "आपण घरी जाऊ. चालेल."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बुटका म्हातारा काठी टेकत पुढे आला. पोट पूर्वीसारखंच, केस मात्र सगळे पांढरे. खोडरबर. आपल्या साहेबांचा सत्कार बघायला आला होता. त्याने एक नजर टाकली, वाकला, आणि आपली काठी साहेबांच्या पायांपुढे जमिनीवर आडवी ठेवली.

"साहेब," तो नेहमीच्या बडबड्या आवाजात म्हणाला, "ही हद्द. पलीकडे सरकारी जागा. ओलांडा, मी वहीत घेतो."

मोजणीदारांनी काठीकडे पाहिलं. उजवा पाय उचलला गेला, काठीवरून पलीकडे पडला. मग डावा. कुणाला नवल वाटेल, पण या आजारात असंच असतं. सपाट जमिनीवर अडलेला पाय, समोर रेघ दिसली की ती ओलांडायला उचलतो. खोडरबराने काठी उचलली, पुन्हा पुढे ठेवली. "ही दुसरी." असं करत तो उलटा चालत गेला आणि साहेब रेघा ओलांडत त्याच्यामागे. सतरा रेघा. व्यासपीठाशी आल्यावर खोडरबर धापा टाकत म्हणाला, "तुम्ही म्हातारे झालात की नाही ठाऊक नाही, मी मात्र झालोय."

लोक हसले. मोजणीदारही, थोडेसे. पडदा त्यांनीच दूर केला.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढला नाही. खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. शब्दाशब्दाला थांबत, मान वर न करता. "मी खोटी नोंद केली. आयुष्यात नव्हती केली. ती इतक्या दिवसांची केली." माई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. थोरली जमिनीवर त्यांच्या पायांशी बसली होती.

"ज्या दिवशी याने चारशे बारा दाखवले, त्या दिवशी खरं किती चालला होतात?" तिने विचारलं.

"आठ फेऱ्या."

"आणि मी म्हटलं, स्वप्नात चाललात का." तिने त्यांचे बूट काढून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "बाबा, मी रोज याला विचारलं. तुम्हाला एकदाही नाही."

मला तिघांमध्ये टेबलावर ठेवलं होतं. तिथून कुठे तोंड लपवणार?

पुढच्याच आठवड्यात ते पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले, आणि या वेळी कॅलेंडरबरोबर खरी हकिकतही नेली. बाईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "मीही आकडाच वाचला. चूक माझीही आहे." मग पुन्हा पानं उघडली आणि सात हजार शंभरवर बोट ठेवलं. "या दिवशी काय होतं?"

"त्या दिवशी जेवले नाहीत," माई म्हणाल्या.

"आणि हे साडेसहा हजार?"

"दिवसभर पलंगावर. कुणाशी बोलले नाहीत."

एकेका लाल गोलावर बोट फिरत गेलं आणि माई सांगत गेल्या. लाल गोलांच्या त्या महिन्यांत बरे दिवस माझ्या छोट्या आकड्यांत होते आणि सगळ्यात काळे दिवस मोठ्या आकड्यांत. आजवर सगळ्यांनी ते कॅलेंडर उलटं वाचलं होतं.

"हे बघा," डॉक्टरीणबाई थोरलीला म्हणाल्या, "मन उदास होणं, अंगातलं बळ जाणं, हा आळस नाही. हा त्या आजाराचाच भाग आहे, हात थरथरतो तसाच. मन खाली गेलं की चाल बिघडते आणि चाल बिघडली की मन आणखी खाली जातं. दोन्हीकडे बघावं लागतं. थकव्याचे तास लिहून ठेवा, गोळीच्या वेळा त्याप्रमाणे बसवू. मनासाठीही औषध आहे. आणि चालायचंच, पण बरं वाटतं त्या वेळी, थोडं थोडं." मग त्यांनी मोजणीदारांना तोच प्रश्न विचारला. "मन कसं असतं?" आणि पेन खाली ठेवून बसल्या.

मोजणीदारांच्या ओठांत शब्द जमायला वेळ लागला. थोरलीने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले होते, जणू तेच बोलणार होते.

"लाज वाटते," ते शेवटी म्हणाले. "सगळ्याचीच."

मित्रांनो, तेव्हापासून मी रेडिओशेजारच्या फळीवर असतो. थोरली मला फेकून द्यायला निघाली होती. मोजणीदार म्हणाले, "राहू दे गं. त्याची काय चूक? त्याला हिसका तेवढा कळतो." त्यांनी मला माफ केलं. पण माफी मिळाल्याने लाज जाते, असं ज्याला वाटतं त्याला कधी माफी मिळालेली नसावी. मी चाललेली पावलं मोजली नाहीत आणि न चाललेली मोजली. वर कौतुकही घेतलं.

परवाची गोष्ट. सकाळी थोरली शाळेला निघाली होती, खांद्याला पिशवी, हातात तपासलेल्या वह्या. वडिलांच्या खोलीत डोकावली. "बाबा, आज कसं आहे?"

ते पलंगाच्या काठावर बसले होते, नाडी हातात धरून. उत्तर आलं नाही. ती थांबली. घड्याळाकडे पाहिलं नाही.

"जड आहे," ते म्हणाले. "मनही. पायही."

"बरं," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली आणि शेजारी बसली.

"शाळा?"

"पहिला तास दुसऱ्या बाई घेतील."

दोघं नुसते बसून राहिले. ऊन खिडकीतून पलंगावर आलं. माईंचं गाणं चालू होतं. मोजणीदारांचं एक बोट हळूहळू गादीवर ठेका धरू लागलं. ती थरथर नव्हती, इतकं मला कळतं. मग ते म्हणाले, "फाटकापर्यंत जाऊ या का? तेवढंच."

दोघं गेले. तिच्या दंडाला धरून, घासत्या चपलांनी, मधे एकदा थांबून. आणि परत आले. मी फळीवर होतो, माझी हातोडी हलली नाही. किती पावलं झाली, मला माहीत नाही. कुणी विचारलंही नाही.

तुमच्याही घरात कुणी असं हळू चालत असेल, किंवा चालायचं सोडून बसून राहत असेल. त्यांना आळशी म्हणण्याआधी, माझ्यासारख्या एखाद्या काट्याकडे बघण्याआधी, त्यांच्यापाशी बसा आणि कसं वाटतंय ते विचारा. आणि विचारून लगेच उठू नका. त्यांचं उत्तरही हळूच चालत येतं. ते येऊन पोचेपर्यंत थांबा.